अक्का दुसऱ्यांदा विचारायची

अक्काने कुणाचाही पहिला ‘नको’ कधी मानला नाही. लातूरच्या ट्यूशन एरियात तिची मेस होती आणि दोन्ही वेळा पन्नासेक पोरं तिच्याकडे जेवायला असायची. भाकरीची पाटी कमरेवर घेऊन ती रांगेतून यायची, “घे आनखी येक” म्हणायची. पोरगं ताटावर हात आडवा धरून “नको अक्का” म्हणायचं. अक्का काही न बोलता पुढे जायची, तीन ताटं वाढून व्हायची, आणि मग माघारी येऊन त्याच पोरासमोर उभी राहायची. “घेतो का?” या वेळी बहुतेकांचा हात आपोआप बाजूला व्हायचा. पाहुण्याला दोनदा विचारायचं ही आपल्याकडची रीतच आहे, पण लोक ती पाहुण्यापुरती पाळतात. अक्काने ती सगळ्या जगाला लावली होती. दूधवाल्यालासुद्धा “पानी घातलं न्हाईस न्हवं?” असं ती एकदा विचारायची आणि तो किटली उचलून निघाला की दारातून पुन्हा एकदा विचारायची. तो बिचारा दुसऱ्या वेळी शपथ घ्यायचा.

आम्हा पोरांना अक्काकडे स्वतःची नावं नव्हती. ज्याच्या-त्याच्या गावाच्या नावाने ती हाक मारायची. मी भोकर. माझ्या खोलीतला सोबती उदगीर. औशाची दोन पोरं आली तेव्हा त्यातल्या उंचाला ‘औसा’ आणि बुटक्याला ‘औशाचा किल्ला’ असं नाव पडलं, कारण तो अंगाने चांगलाच भक्कम होता. “ए उदगीर, कढी सांडू नको”, “भोकर आला न्हाई का आज?” असं ऐकताना बाहेरच्या माणसाला वाटावं की जेवणावळीत अख्खे तालुके बसलेत. सुरुवातीला मी तिला ‘तुम्ही’ म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी तिने उलथनं रोखून विचारलं, “आहो-जाहो कराया मी काय तुजी म्याडम हाय का?” तेव्हापासून मी तिला ‘तू’ म्हणू लागलो.

मी लातूरला कसा आलो ते सांगायला हवं. आमचे अण्णा, म्हणजे वडील, भोकरला शाळेत शिक्षक. बारावीनंतर मी मेडिकलची प्रवेशपरीक्षा दिली आणि सपशेल आपटलो. आमच्या भागात या दुखण्यावर एकच औषध माहीत होतं, पोराला आणखी एक वर्ष लातूरला ठेवायचं. गल्लीतला एक जण तसा डॉक्टर झाला होता, म्हणून मीही होणार हे अण्णांनी आणि त्यांच्या अख्ख्या शिक्षकखोलीने ठरवून टाकलं. मला विचारलंच नाही असं मी म्हणणार नाही. “जाशील ना?” असं अण्णांनी विचारलं, मी “हो” म्हणालो आणि ते बॅग भरायला लागले.

लातूर त्या दिवसांत पाट्यांचं शहर होतं. जिकडे बघावं तिकडे गेल्या वर्षी नंबर काढलेल्या पोरांचे फोटो, आणि त्यातलं एकही पोरगं हसत नसे. क्लासचा हॉल गोदामाएवढा. शेवटच्या बाकावरून सर फक्त टीव्हीच्या पडद्यावर दिसायचे. दोन महिने मी नेमाने गेलो. तिसऱ्या महिन्यात एके सकाळी क्लासच्या दारात पोचलो, बाहेर चपलांचा ढीग बघितला आणि आपली चप्पल त्यात काढावी असं काही केल्या वाटेना. तसाच पुढे चालत गेलो आणि बसस्टँडमागच्या एका तळघरातल्या सायबर कॅफेत जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. असे चार महिने गेले. दर रविवारी क्लासची चाचणी असायची आणि दर रविवारी संध्याकाळी मी अण्णांना फोनवरून मनाचे गुण सांगायचो. एकदम भरमसाट सांगितले तर संशय यायचा, म्हणून दर आठवड्याला चार-पाच वाढवत नेले. अण्णा सोमवारी ते शिक्षकखोलीत जाहीर करायचे. फोनवर त्यांचा आवाज दर आठवड्याला थोडा अधिक मोकळा होत चालला होता, आणि मला तेच सहन होत नव्हतं.

त्या तळघरात मी एकच खेळ खेळायचो. कॉम्प्युटरवरचा गुप्तहेराचा खेळ. पुढच्या शतकातलं एक शहर, तिथे सदानकदा पाऊस, इमारतींवर गुलाबी-निळ्या पाट्या, माणसांच्या डोक्यात चिप बसवलेल्या, आणि एका डोळ्याच्या जागी कॅमेरा असलेला एक उदास गुप्तहेर. तो लोकांच्या दारात जातो, प्रश्न विचारतो, घरातल्या वस्तू निरखतो आणि खोटं कोण बोलतंय ते शोधतो. सगळं चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचं. नाक म्हणजे एक ठिपका, डोळा म्हणजे दोन. एवढ्याशा ठिपक्यांतून माणूस रडतोय की हसतोय हे कळतं कसं, याचं मला वेड लागलं. फिजिक्सच्या आलेख-वहीत चौकोन भरून मी तशी चित्रं काढायला लागलो. दिवसभर खोटं पकडण्याचा खेळ खेळायचा आणि संध्याकाळी बापाला खोटं सांगायचं, यातला विनोद त्या वेळी माझ्या ध्यानात आला नव्हता.

खऱ्या गुप्तहेराच्या पंक्तीला मी रोज दोन वेळा बसत होतो, हेही ध्यानात आलं नव्हतं. एका रविवारी चाचणी संपवून सगळी पोरं मेसमध्ये आली. गलका चालू होता. सत्ताविसाव्याचं उत्तर काय आलं, अमुक प्रश्न चुकीचाच होता वगैरे. अक्का वाढत वाढत माझ्यापाशी आली. “काय रं भोकर, परिक्षा कशी गेली?”

“चांगली गेली.”

अक्का पुढे गेली. तीन ताटं वाढली. माघारी आली आणि वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “गेलता का?”

मी वर बघितलं. ती माझ्या हाताकडे बघत होती. उत्तरपत्रिकेवरचे शंभर-दीडशे गोल काळ्या पेनाने भरले की करंगळीची कड काळी होते. रांगेतल्या सगळ्या पोरांचे हात तसे होते. उदगीरचा तर मनगटापर्यंत. माझा हात स्वच्छ होता. शिवाय सत्ताविसाव्याचं उत्तर मी कुणालाच विचारलं नव्हतं. दुसऱ्यांदा ‘हो’ म्हणायला माझी जीभ उचलली नाही. “जेव,” ती म्हणाली, “आन दुपारी ये. बाया भांडे घासून गेल्या की.”

दुपारी मेस रिकामी असायची. अक्का पाय पसरून सुपात तूर निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. क्लास, तळघर, खोटे गुण, आणि पुढच्या रविवारी अण्णा स्वतः सरांना भेटायला येणार आहेत तेही. आता चांगलं फैलावर घेणार म्हणून मी मान खाली घालून बसलो. अक्काने सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, “चार म्हैने येकाच जागी बसून राहिलास. म्हंजे काईतरी आसंल तितं. मला दाव.”

दुसऱ्या दिवशी उदगीरचा लॅपटॉप घेऊन गेलो. खेळातलं इंग्रजी मी मराठीत सांगत होतो आणि अक्का सूप मांडीवर घेऊन बघत होती. गुप्तहेराने एका घराचं दार ठोठावलं आणि बाईला सरळ विचारलं, काल कुठे होतीस? अक्काला ते मुळीच पटलं नाही. “लईच आगाव हाय ह्यो. दारात उभा ऱ्हाऊन इचारून राहिला. पैले जेवलीस का म्हनावं.”

“अक्का, असं विचारायची सोय नाही यात.”

“मग कसं खरं बोलंल ती?”

गुप्तहेर आत गेला. मी ही जागा चार वेळा खेळलो होतो आणि चारही वेळा इथेच अडकलो होतो. बाई म्हणते मी एकटी राहते, तिच्या डोक्यातली चिपही तेच सांगते, घरात पुरावा काही नाही. अक्काने मान तिरकी केली, पडद्यापासून हातभर मागे सरकली आणि म्हणाली, “येकटी ऱ्हाती तर मोरीत दोन ताटं कशाला?”

मी बघितलं. कोपऱ्यात मोरी होती, तिच्यात सहा-सात राखाडी ठिपके होते आणि ती खरोखर दोन ताटं होती. मी त्यांवर बाण नेऊन दाबलं आणि इतके दिवस बंद असलेलं दार उघडलं. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पायाच पडलो. “ऊठ,” ती म्हणाली, “ताटं मोजायला काय लागतंय.”

त्यानंतर रोज दुपारी तासभर आमचा तपास चालायचा. एकदा तिने विचारलं, “हे समदं ठिपक्यानंच केलंय व्हय?” मी हो म्हणालो तशी ती उठली आणि फळीवरून एक जुना पितळी तांब्या घेऊन आली. त्याच्या गळ्याखाली नाव घातलेलं होतं. बारीक छिन्नीने एकेक ठिपका ठोकून काढलेली अक्षरं, कुणी कुणाला लग्नात दिला ते. मी तांब्या डोळ्यांजवळ नेला आणि मला नुसते खड्डे दिसले. “तसं न्हाई दिसत. लांब धर. उजेडाला तिरपं कर. आता वाच.” अक्षरं उभी राहिली. पुढे ही ठिपक्यांच्या चित्रांची कला शिकायला मी पुण्यात दोन वर्षं घालवली, आणि तिथल्या सरांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं ते मला आधीच माहीत होतं.

“कुणी घातलंय नाव?” मी विचारलं.

“आमच्या मालकानं,” ती म्हणाली. आणि त्या दुपारी लॅपटॉप उघडलाच नाही.

अक्काचं गाव भूकंपात गेलं होतं. मेसमधल्या आम्हा सगळ्यांना तेवढं माहीत होतं आणि त्यापुढचं कुणालाच नाही. तिचा नवरा बाजारच्या दिवशी भांड्यांच्या दुकानापुढे बसून भांड्यांवर नावं घालायचा. पंचक्रोशीतल्या घराघरांत त्याच्या हातचे ठिपके होते. त्या वेळी अक्का औशाला माहेरी गेली होती. सहा वर्षांची लेक तिच्याबरोबर निघाली नाही, कारण तिला बापाच्या खांद्यावर बसून गावातल्या गणपतीचं विसर्जन बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली. अक्का गावात पोचली तेव्हा कुठली गल्ली कुठे होती हेही सांगता येत नव्हतं. जखमींना कुठल्या कुठल्या दवाखान्यांत नेलं होतं, कोण कुठे आहे याचा पत्ता नव्हता.

ढिगाऱ्यातून निघालेली भांडी पत्र्याच्या एका शेडात आणून टाकत होते. घागरी, पराती, पेले, चेपलेले डबे, डोंगराएवढा ढीग. कुणाचं काय ते कळेना. नवऱ्याचा हात ओळखणारी म्हणून अक्काला तिथे बसवलं. अकरा दिवस ती बसून होती. ठिपक्यांवरून नाव लावायची, नाव पुसलेलं असलं तर पोचे बघून, कड बघून सांगायची, ही घागर अमक्याच्या थोरल्या सुनेची, हा डबा तमकीच्या डोहाळजेवणातला. “तांब्या हातात दिला ना, की बाया रडायच्या,” ती मला म्हणाली, “तवर रडत बी नव्हत्या. नुसत्या बसून ऱ्हायच्या.”

बाराव्या दिवशी ढिगातून एक लहान पेला निघाला. तिच्या लेकीचा. वाढदिवसाला बापाने स्वतः नाव घालून दिलेला.

“वही घेतलेला साहेब हुता. त्यानं इचारलं, बाई, हे वळखता का? म्या म्हनले, न्हाई.”

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

“हाव म्हनले आसते तर तुमचं घर सापडलं आसं लिवलं आसतं त्यानं. न्हाई म्हनले तर वाटलं, ते दुसऱ्याच कुनाचं घर हाय. आमची मानसं हायत कुटंतरी दवाखान्यात.” तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. “त्यानं येकदाच इचारलं बग. लिवलं आन पुढं गेला. म्या रातभर तळमळले. सकाळी पळत गेले, हाव म्हनायला. तर बेवारस भांडे म्हनून गाडी ढीग उचलून गेलती.”

लेकीचं नाव काय होतं ते तिने सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. भाकरी दोनदा विचारायची सवय आधीपासूनची की तेव्हापासूनची, हेही मी कधी विचारलं नाही. तिने पदराने डोळे पुसले नाहीत, तूर निवडायची थांबली नाही. फक्त म्हणाली, “तुजे अण्णा रविवारी येनारेत न्हवं? मग तवर तुजा ढीग हाय तितंच हाय, भोकर. मागून जाऊन उपेग न्हाई.”

एवढं ऐकूनही मी फोन केला नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी सकाळच्या गाडीने अण्णा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात सरांसाठी पेढ्यांचा पुडा. चाचणी सकाळीच आटपल्याचं मी ठोकून दिलं आणि आधी जेवू म्हणून त्यांना मेसमध्ये घेऊन आलो. अक्काने त्या दिवशी धपाटे केले होते. “गुरुजी, बसा निवांत,” म्हणत तिने त्यांना भिंतीकडेला जागा दिली, दही वाढलं. मग माझ्याकडे वळली.

“भोकर, तुला काई सांगायचं हुतं न्हवं अण्णाला?”

“नाही. काही नाही,” मी म्हणालो.

अक्का पुढे गेली. मी मोजत होतो. एक ताट, दोन ताटं, तीन. ती वळली आणि येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“सांगतो का?”

मी सांगितलं. मान वर न करता, एका दमात. अण्णांचा हात धपाट्यावर तसाच राहिला. “किती दिवस झाले?” “चार महिने.” “आणि ते गुण?” “मनाचे.” त्यांचा चेहरा असा उतरला की तो बघून वाटलं, यांनी मला मारलं असतं तरी बरं. अक्का तिथेच उभी होती. “गुरुजी,” ती म्हणाली, “जेवून घ्या. लेकरू हितंच हाय, तुमच्या म्होरं.” ती समोरून हलेना, म्हणून असेल, अण्णा जेवले.

हात धुतल्यावर ते म्हणाले, “कुठे बसत होतास ते दाखव.” मी त्यांना तळघरात नेलं. ते माझ्या खुर्चीवर बसले, बंद पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “पंखा तरी होता का रे इथे?” मला तिथे रडू फुटलं. दुपारच्या गाडीने ते परत गेले. पेढ्यांचा पुडा अक्काकडेच राहिला, तिने तो सगळ्या तालुक्यांना वाटला. पुढचे दोन महिने अण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एक दिवस भोकरहून पार्सल आलं. शाळेतल्यासारख्या आलेख-वह्यांचा गठ्ठा, प्रत्येकीवर त्यांच्या वळणदार अक्षरात माझं नाव. आत चिठ्ठी नव्हती.

त्या रविवारी हे सगळं अण्णांना सरांच्या केबिनमध्ये, पेढे हातात धरून कळलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरता करत नाही. माझे वडील मला परत मिळाले ते अक्कामुळे, एवढं मात्र मी कुणालाही सांगेन.

लातूर सोडताना अक्काने मला एक स्टीलचं ताट दिलं. त्यावर दुकानातून नाव घालून आणलं होतं, ‘भोकर’. “आता मशीनीनं घालतेत,” ती कुरकुरली, “नुसत्या रेघा. मजा न्हाई.” मी अजून त्याच ताटात जेवतो. पुण्यात ठिपक्यांच्या चित्रांचं शिक्षण झालं, नोकरी झाली, आणि मग आम्ही तीन मित्रांनी मिळून स्वतःचा एक खेळ करायला घेतला. पुढच्या शतकातलं लातूर. उड्डाणपुलांवर झगमगणाऱ्या क्लासच्या पाट्या, डोक्यात चिप बसवून घेतलेली पोरं, आणि सतत पाऊस. लातूरच्या लोकांनी चोरी-खुनाकडे दुर्लक्ष करून या पावसालाच सर्वांत जास्त दाद दिली. गुप्तहेर म्हणजे मेस चालवणारी एक म्हातारी बाई. खेळातली अक्षरं मी अक्काकडे उरलेल्या चार भांड्यांवरून उतरवली. तिच्या नवऱ्याने कधी शिरोरेषा दिली नाही, म्हणून आमच्या खेळातही ती नाही. पुण्याच्या एका गृहस्थांनी याबद्दल कडक शब्दांत पत्र पाठवलं आहे.

खेळ बाजारात येण्याआधी मी तो लातूरला घेऊन गेलो. अक्का पुढच्याच वर्षी गेली, त्यामुळे आमची ही शेवटची भेट. मेस तेव्हा दहा-बारा पोरांवर आली होती, गुडघे गेले होते, डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. पण दुपारी सूप होतंच मांडीवर. पडद्यावर म्हातारीने पहिलं दार ठोठावलं आणि खाली प्रश्न उमटला, ‘जेवलीस का?’ अक्का खळखळून हसली. “आता झाला खेळ!”

मी मात्र घाबरलो होतो. शेवटच्या प्रकरणात मी पत्र्याचं शेड घातलं होतं, भांड्यांचा ढीग घातला होता आणि एक लहान पेला. तिला न विचारता.  तो प्रसंग आला, वहीवाल्या साहेबाने विचारलं, हे ओळखता का, आणि खाली एकच उत्तर होतं, ‘ओळखत नाही’. अक्काचा हात सुपात थांबला.

“अक्का, काढून टाकतो. चुकलं माझं.”

ती पडद्याजवळ वाकली. “येवढंच लिवलंस?”

“तू तेवढंच म्हणाली होतीस.”

“म्या म्हनले. ह्या बाईला कामून म्हनायला लावतो? हिला तरी बोलू दे की.”

“काय बोलू दे?”

“माजा हाय म्हनावं. द्या हिकडं.”

मग तिने एक ताट ओढलं आणि सुपातले तुरीचे दाणे एकेक करून त्यात मांडायला लागली. दाणे नेमके जागेवर पडत होते. ‘कु. मंदा’. वरचं टिंब जरा उजवीकडे सरकलेलं. “त्यंचं टिंब कायम सरकायचं,” ती म्हणाली. मी दाणे मोजून तितकेच ठिपके पेल्यावर भरले. टिंब सरकलेलंच ठेवलं. दुसरं उत्तर लिहिलं, ‘माझा आहे’.

“पहिलं काढून टाकू?”

“ऱ्हाऊ दे. मानूस पैले न्हाईच म्हनतं. भ्या वाटतंय त्याला. पर त्या साहेबाला म्हनावं, दुसऱ्यांदा इचार.”

“आणि दुसऱ्यांदाही नाही म्हणाली तर?”

“आनखी येकदा इचार म्हनावं. काय जल्दी हाय त्याला? ती गाडी हाव म्हनंस्तवर हलवूच नको.”

हे सगळं करायला मला तासभर लागला. अक्का निवडत बसली होती. झाल्यावर तिने पहिल्यांदाच माउस स्वतःच्या हातात घेतला. आधी ‘ओळखत नाही’ दाबलं, मी सांगितल्याप्रमाणे केलंय का ते बघायला. साहेबाने वहीत लिहिलं, तीन पावलं पुढे गेला, थांबला, माघारी आला. हे ओळखता का? अक्काने माउस सरकवला आणि ‘माझा आहे’ दाबलं. पडद्यावर पेला म्हातारीच्या हातात आला. अक्का त्याच्याकडे बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. मग ताटातले दाणे हलक्या हाताने गोळा करून तिने सुपात घातले.

मी लॅपटॉप बॅगेत भरला. “जेवून जातोस न्हवं?” तिने विचारलं.

“नको अक्का, बस आहे साडेपाचची.”

ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली. आतून पीठ मळण्याचा आवाज यायला लागला. मी खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली आणि ती परत येऊन विचारेपर्यंत तिथेच बसून राहिलो.